दुसरा टेकू

भाचीला टेकू आला ही बातमी आक्काने स्वतः फोन करून सांगितली, आणि आक्काने स्वतः फोन केला म्हणजे जायचं की नाही हा प्रश्नच उरत नाही. "रविवारी दुपारी. कारखान्यात. भूक घेऊन ये," एवढं बोलून तिने फोन ठेवून दिला. माई तपासायच्या पेपरांसमोर फोन हातात धरून तशीच बसली. पंचावन्न वर्षांची बाई. शाळेत तिची चाहूल लागली तरी जिन्यात धावणारी पोरं शहाण्यासारखी चालायला लागतात. पण थोरल्या बहिणीचा फोन आला की तिचं आपलं "हो आक्का, आले आक्का."

टेकू म्हणजे काय, हे घराबाहेरच्या माणसाला सांगायला गेलं की तो आधी हसतो. हसू दे बापडा. आजोबांनी हा खुर्च्या-सोफ्यांचा कारखाना काढला तेव्हापासून इथे काम एकाच पद्धतीने होतं. खुर्चीचा सांगाडा डाव्या मांडीला टेकवायचा, बैठकीची पट्टी दातओठ खाऊन ताणायची आणि ताण सुटायच्या आत उजव्या हाताने चुका, म्हणजे बारीक खिळे, ठोकायच्या. लाकडाची कड वर्षानुवर्षं एकाच जागी रुतली की तिथे कातडीखाली एक टणक ठिपका धरतो. तोच टेकू. दुसऱ्या एखाद्या घरात असल्या गाठीला मलम चोळलं असतं. या घरात ती आली की जेवण घालतात. घरचं प्रत्येक माणूस येऊन अंगठ्याने ती दाबून बघतं आणि म्हणतं, "बसला." म्हणजे हात बसला, माणूस कामाला बसला, घरात बसला, काय हवं ते समजा.

माईला टेकू नव्हता. तो एक वेगळाच विषय होता आणि तो तिच्यापुढे कुणी काढत नसे.

ती पोचली तेव्हा कापायच्या लांब टेबलावरून कापडाचे तागे हटवून ताटं मांडलेली होती. उंच खिडक्यांतून ऊन येत होतं, फोमच्या गुंडाळ्या भिंतीला रेलून उभ्या होत्या आणि सरसाचा तो वास, जो नाकात गेला की माई आठ वर्षांची होते, तो तस्साच होता. काका एका नव्या कोऱ्या आरामखुर्चीत बसले होते. वडिलांच्या पिढीतले आता तेवढेच उरलेले. कान गेलेले, पण आपल्याला हवं ते बरोब्बर ऐकणारे.

"आली का प्रोफेसरीण?" काका ओरडले.

"शाळेत शिकवते, काका. प्रोफेसर नाही."

"तेच ते. फळा तोच, खडू तोच."

भाऊ दुकानाकडच्या दारातून आत आला. दोन बहिणींच्या मधला हा भाऊ पुढचं दुकान बघायचा. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवण्याआधीच विकत घ्यायला लावेल असं त्याचं तोंड. मागून वहिनी, हातात भाताचं पातेलं. आणि त्या दोघांची मुलगी, जिला अंगाने काटकुळी म्हणून लहानपणापासून सगळे टाचणी म्हणायचे, ती कामाच्या जाड विजारीत टेबलापाशी उभी होती. लाजून चूर झालेली आणि आनंद लपत नसलेली.

"आक्का कुठाय?" माईने विचारलं.

"इथे!" आक्का सोफ्याच्या एका सांगाड्यामागून उठली. उठली म्हणजे आधी हात टेकला, मग उजवा पाय, मग बाकीची. तोंडात चुका धरलेल्या. सुट्टीच्या दिवशीसुद्धा. भाऊचा एक जुना विनोद होता, की आक्काच्या तोंडात दिवसभर चुका असतात, पण तिने आजवर एकही कबूल केलेली नाही. तो त्याने आजही केला. आजही सगळे हसले, आणि आक्काने चुका तळहातावर थुंकून त्याला एक लटकी चापट ठेवून दिली.

तर असं सगळं छान चाललं होतं.

आधी काकांनी टाचणीच्या मांडीवर अंगठा टेकवला. डोळे मिटले, वाद्य लावणाऱ्या माणसासारखी मान तिरकी करून थांबले आणि म्हणाले, "बसला!" मग आक्का, मग भाऊ. वहिनीने लेकीचा टेकू दाबला तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणीच आलं, कारण या पोरीने दुकानात बसावं, चांगले कपडे घालावेत, म्हणून तिने किती आकांडतांडव केलं होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. शेवटी माईची पाळी आली. विजारीच्या कापडाखाली अस्तरातल्या बटणासारखा एक ठिपका अंगठ्याखाली इकडून तिकडे सरकला.

"बसला गं," माई म्हणाली. "दुखत नाही ना?"

"टेकू दुखला तर तो टेकू कसला?" आक्काने मध्येच तोंड घातलं. "आजोबा काय म्हणायचे? दुखतो तो नुसता मार. टेकू दुखत नाही."

"आक्का, आता तुझा नवा दाखव ना!" टाचणी म्हणाली. "माईआत्याने कुठे बघितलाय?"

"नवा?" माईने विचारलं.

भाऊची छाती स्वतःचाच असल्यासारखी फुगली. "तुला सांगितलं नाही? आक्काला दुसरा टेकू आलाय. आजोबांनंतर या घराण्यात पहिल्यांदा! त्यांना होते दोन. त्यांच्यानंतर कुणाला आला नव्हता. दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतोय मी."

"गिऱ्हाइकांना माझ्या मांडीबद्दल सांगतोस होय रे, निर्लज्जा?" आक्का म्हणाली, पण खूश होती. ती टेबलाच्या कडेवर बसली आणि डावा पाय पुढे केला. "बघ बाई. तुझ्या भूमितीत बसतंय का बघ."

पहिला टेकू माईला माहीत होता, गुडघ्याच्या वर चार बोटं, बहिणीच्या अंगाचा एक भागच तो. दुसरा त्याच्याही बराच वर, मांडीच्या बाहेरच्या बाजूला होता. माईने अंगठा टेकवला. मग अंगठा काढला आणि तळवा ठेवला, कारण अंगठ्यात ते मावत नव्हतं. ठिपका कसला, लिंबाएवढं काहीतरी खोल मांसात रुतून बसलं होतं. वरची कातडी सरकत होती. ते सरकत नव्हतं.

"पाय ताण जरा," माई म्हणाली.

आक्काने पाय ताणला. मांडी घट्ट झाली तशी ती गाठही मांसाबरोबर घट्ट झाली, हललीच नाही. माईने थोडा जोर दिला, आणि आक्काच्या डोळ्यांची कड क्षणभर आवळली. क्षणभरच. लगेच ती हसली. पण माईने ते पाहिलं. परीक्षेत शेजाऱ्याच्या कागदावर गेलेली नजर पकडण्यात तिचा जन्म गेला होता, तिला हे कसलं चुकतंय?

"दुखलं," माई म्हणाली.

"छे."

"आक्का, दुखलं तुला."

"जेवायला बसा रे सगळे! भात गार होतोय."

"आक्का," माईचा आवाज आपोआप वर्गातला झाला, "हा टेकू नाही."

या घरात कुणाच्या स्वयंपाकाला नावं ठेवलेली चालत, कुणाच्या नवऱ्याला ठेवलेली चालत, पण कुणाच्या टेकूला नाही. तिला कळत होतं की पोरीच्या कौतुकाच्या दिवशी आपण भलतंच काढून बसलोय. पण आता आपण गप्प बसलो, तर आक्का जेवेल, हसेल, सगळ्यांना वाढेल आणि उद्या पुन्हा सांगाड्याशी जाऊन बसेल. मग हे मांसातलं जे काही आहे ते तिथेच वाढत राहील. आज, आत्ता तिला उठवून दवाखान्याच्या वाटेला लावायचं, एवढी एकच गोष्ट माईला हवी होती. आणि आक्काला कुठल्याही वाटेला लावणं आजवर कुणालाही जमलेलं नव्हतं.

"माई, आजचा दिवस पोरीचा आहे," भाऊ दबक्या आवाजात म्हणाला. "तुला काय सुचतंय हे?"

"भाऊ, तू दाबून बघितलायस का तो?"

"बघितला म्हणजे काय! पहिल्यांदा मीच 'बसला' म्हटलं."

"सरकतो का?"

"दुसरा असाच असतो. खोल. जास्त वर्षांचा असतो ना."

"कुणी सांगितलं?"

"कुणी म्हणजे? आजोबांचा तसाच होता."

सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. आजोबांचा टेकू प्रत्यक्ष पाहिलेला जिवंत माणूस तो एकच. काकांना सगळं ऐकू आलेलं होतं, पण ते भाताकडे फार लक्ष देऊन बघत होते.

"काका," माई मोठ्याने म्हणाली, "आजोबांना दुसरा टेकू होता?"

"हं?"

"ऐकू आलंय तुम्हाला."

काकांनी खुर्चीच्या हाताच्या नव्या कापडावरून बोट फिरवलं. "तसं म्हणायला गेलं तर... कपाट उतरवताना त्यांच्या मांडीवर पडलं होतं. सूज आली ही एवढी. तिथे टेंगूळ राहिलं थोडे दिवस. मी नि तुमचा बाप, आम्ही पोरसवदा, बाजूच्या कारखान्यातल्या पोरांना सांगायचो, आमच्या बापाला दोन टेकू आहेत, तुमच्या बापाला किती? आता पोरं फुशारक्या मारतातच की!"

"काका!" भाऊ ओरडला. "मी गिऱ्हाइकांना सांगतोय ते!"

"मग मला विचारून सांगायचं होतंस."

टाचणीला हसू आलं आणि ते तिने गिळलं. मग ती हळूच म्हणाली, "आक्का हल्ली सांगाडा उजव्या मांडीवर घेते."

"तू गप गं," आक्का म्हणाली.

"घेते ना पण. उलट्या हाताने ठोकते. मला वाटलं मला शिकवायला करतेय, डावखुरं कसं ठोकायचं ते."

"कधीपासून?" माईने विचारलं.

"बरेच महिने झाले."

आता माईला दुसरं काही सांगायची गरजच नव्हती, पण शिक्षिकेची खोड, ती सगळं मांडून दाखवल्याशिवाय राहीना. "म्हणजे डाव्या मांडीवर लाकूड टेकलेलंच नाही आणि तरी टेकू वाढतोय. भाऊ, कसा काय?"

भाऊला तोंडात मारल्यासारखं झालं. तो खाली बसला. आणि वहिनी, जी आतापर्यंत नवऱ्याच्या मागे पातेलं धरून उभी होती, तिने पातेलं टेबलावर ठेवलं आणि ती चालत माईच्या बाजूला येऊन उभी राहिली. भाऊने बघितलं, पण तिने त्याच्याकडे बघितलं नाही.

"जिना चढताना थांबतात त्या," वहिनी म्हणाली. "मी विचारलं तर म्हणतात, तुझ्यासाठी थांबले. मी पुढे असते हो, माई! पुढे असलेल्या माणसासाठी कोण थांबतं?"

"झालं?" आक्का टेबलावरून उतरली. तिचा चेहरा लाल झाला होता. "सगळ्यांचं झालं का बोलून? मी या टेबलाशी तुमच्या सगळ्यांच्या आधीपासून उभी आहे. बाबा गेले तेव्हा भाऊ मिसरूड फुटायच्या वयाचा होता आणि ही फ्रॉकमध्ये होती. मला माझ्या मांडीचं कळत नाही? आणि माई, तू तरी बोलू नकोस. ज्याला टेकू नाही त्याने टेकूची पारख करू नये."

बोलून गेली आणि तिचं तिलाच लागलं. काकांनीसुद्धा मान खाली घातली. माईला वाटलं होतं की असं काही कधी कानावर आलं तर आपण रडू. रडू नाही आलं. तिला राग आला, चांगला सणसणीत, आणि तो आला म्हणून बरं वाटलं.

"मला टेकू नाही, कारण तू मला इथे बसूच दिलं नाहीस," ती म्हणाली. "मी हातोडी घेतली की तू काढून घ्यायचीस. मी रडायचे तर म्हणायचीस, तू शिकायचंस, घरात एकाला तरी अक्कल हवी. शिकवलंस ना मला? माझ्या वाटची ठोकाठोकी तू केलीस ना? मग आता त्या शिकलेल्या अकलेचं ऐक. नाहीतर कशाला शिकवलंस?"

आक्का ऐकायला म्हणून पुन्हा टेबलाच्या कडेवर बसली. हे दृश्य दुर्मीळ होतं.

"तुझ्या कॅन्सरनंतर," माई पुढे म्हणाली, "तपासणीला जातेस ना, तेव्हा डॉक्टर काय विचारतात?"

या घरात त्या शब्दाची धास्ती नव्हती. दोनेक वर्षांपूर्वी आक्काच्या मूत्राशयात गाठ निघाली. दुर्बिणीतून ती खरवडली, मग औषधं झाली, किरणं झाली, मूत्राशय वाचलं, आणि तेव्हापासून आक्का 'माझा कॅन्सर' असं 'माझी छत्री' म्हणावं तसं म्हणायची. दर थोड्या महिन्यांनी दुर्बीण घालून आत बघायचे, वरून फोटो काढायचे, स्वच्छ आहे म्हणायचे आणि आक्का विजयी चेहऱ्याने परत यायची.

"विचारतात, नवीन काही त्रास?" आक्का म्हणाली.

"आणि तू?"

"म्हटलं, नाही." तिने मांडीकडे बघितलं. "टेकू काय त्रास असतो का?"

हे ती अगदी प्रामाणिकपणे म्हणाली होती, आणि त्या खोलीत हसावं असं कुणालाच वाटलं नाही. इतर कुठल्याही बाईने मांडीतली गाठ डॉक्टरांना पहिल्याच भेटीत दाखवली असती. या घराण्यातल्या बाईने ती घरी आणून सगळ्यांना दाखवली होती आणि सगळ्यांनी मिळून ती 'बसला' म्हणून मिरवली होती.

"उद्या सकाळी," माई म्हणाली. "मी शाळेत रजा टाकते."

"उद्या त्या हॉटेलवाल्याच्या खुर्च्या—"

"त्या मी करेन," टाचणी म्हणाली. "मला टेकू आलाय."

आक्काने पोरीकडे पाहिलं. मग सगळ्यांकडे एकेक करून. तिच्या बाजूला आता कुणीच उरलं नव्हतं. काका तर केव्हाच भात वाढून घेत होते.

"जेवण तरी करू द्याल का?" ती म्हणाली, आणि सगळ्यांनी मिळून एकच श्वास सोडला.

*

मग तपासण्या. मांडीचा फोटो, मग मोठ्या नळीत झोपवून काढलेला फोटो, मग सुई घालून काढलेला तुकडा, मग सगळ्या अंगाचं स्कॅन. नळीतून बाहेर आल्यावर आक्काने तंत्रज्ञाला सुनावलं की ज्या फळीवर तुम्ही माणसं झोपवता तिचं कव्हर उसवलंय आणि आतला फोम मेलेला आहे. चांगला फोम कुठे मिळतो तेही सांगितलं. माई सगळीकडे बरोबर होती. शाळेत तिच्या जागी दुसरं कुणी शिकवत होतं, आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं, हे तिचं तिलाच नवल.

निकालाच्या दिवशी जवळपास सगळेच गेले. टाचणी आणि काका कारखान्यात राहणार होते, पण निघायच्या वेळी टाचणीही गाडीत येऊन बसली. काका एकटेच टेलिफोनपाशी बसले, जो त्यांना ऐकू आला नसता.

डॉक्टर टाचणीहून फार मोठी नसेल. लहान चणीची, डोळ्यांखाली झोपेची काळी वर्तुळं, पण बोलताना सरळ डोळ्यांत बघणारी. भाऊला ती कोवळी वाटली. माईला आवडली, कारण तिने खुर्च्या कमी पडल्या तेव्हा बाहेर जाऊन स्वतः एक उचलून आणली.

"मूत्राशयात ज्या पेशी होत्या, त्याच मांडीच्या स्नायूत आहेत," ती म्हणाली. आडवळण नाही, प्रस्तावना नाही. "हा नवा आजार नाही. तोच आहे. रक्तातून तिथे गेलाय."

वहिनीने पदराचं टोक मुठीत धरलं. भाऊ म्हणाला, "पण दुर्बिणीत तर स्वच्छ..."

"मूत्राशय अजूनही स्वच्छच आहे. दुर्बीण तेवढंच बघते. आणि आमचे नेहमीचे फोटो छातीचे आणि पोटाचे असतात, त्यात मांडी येत नाही. हा आजार पसरला तर आम्ही तो लसिकाग्रंथींमध्ये शोधतो, फुप्फुसात, यकृतात, हाडांत. स्नायूत तो फार क्वचित जातो. स्नायूला रक्त भरपूर मिळतं, तरी तिथे त्याला सहसा रुजता येत नाही. का, ते कुणालाच पूर्ण कळलेलं नाही." तिने किंचित हसून आक्काकडे पाहिलं. "खरं सांगू? मी हे फक्त वाचलं होतं. स्नायूतला रुग्ण माझ्यासमोर पहिल्यांदाच आलाय."

"ऐकलंस भाऊ?" आक्का म्हणाली. "आता हे सांग गिऱ्हाइकांना."

भाऊला हसू फुटलं आणि त्याच क्षणी हुंदकाही फुटला. ते दोन्ही एकदम आवरताना त्याची फार पंचाईत झाली. "मीच पहिल्यांदा 'बसला' म्हटलं गं," तो म्हणाला.

"आणि मी जेवणाचा बेत केला," आक्का म्हणाली. "गप बस आता. डॉक्टर, पुढचं सांगा."

डॉक्टरने सांगितलं. स्कॅनमध्ये दिसतंय तेवढं पाहता आजार मांडीतच आहे, दुसरीकडे दिसत नाही, ही चांगली गोष्ट. पण एका जागी दिसला तरी तो अंगभर फिरलेला आहे असंच धरून चालायचं. म्हणून आधी शिरेतून औषधं, सगळ्या शरीरासाठी. मग मांडीवर किरणं, म्हणजे दुखणंही कमी होईल. औषध लागू पडलं तर पुढे कापून काढायचाही विचार करता येईल. त्यात मांडीचा बराच स्नायू जाईल.

"पूर्ण बरी होईन?" आक्काने विचारलं.

"तसं वचन मी देणार नाही. काही जणांना औषध चांगलं लागू पडतं, वर्षं मिळतात. काहींना महिने. तुम्ही कोणत्या बाजूला आहात ते औषध सुरू केल्यावरच कळेल. आणि त्रास होईल. थकवा येईल, केस जातील, काही दिवस अगदी नकोसे होतील. घ्यायचं की नाही हे तुम्ही ठरवायचं. दोन-चार दिवस घ्या हवे तर."

आणि ती थांबली.

माईला आतून माहीत होतं की आता काय होणार, कारण जन्मभर हेच होत आलं होतं. कारखाना विकायचा की ठेवायचा, भाऊचं लग्न, दुकानाला रंग कुठला, माईने कुठलं कॉलेज घ्यायचं. सगळे असेच आक्काकडे बघत बसायचे आणि आक्का एका वाक्यात निकाल लावायची. आताही भाऊ तिच्याकडेच बघत होता, वहिनी बघत होती, टाचणी बघत होती. डॉक्टरसुद्धा, जिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, तीही आपोआप तशीच बघायला लागली. आक्का आता म्हणेल, बघू, खुर्च्यांची ऑर्डर उरकू दे. किंवा म्हणेल, काही नको, मांडी कापून मी काम कसं करू. आणि तिने एकदा म्हटलं की संपलं. मग पृथ्वी उलटी फिरली तरी ते बदलत नाही.

आक्का आपल्या हातांकडे बघत बसली. हातोडीने बसलेले, चुकांनी टोचलेले तिचे ते हात मांडीवर नुसते रिकामे पडून होते. माईने हे कधी पाहिलं नव्हतं. बाबा गेले तेव्हाही नाही.

"माई," आक्का म्हणाली. आवाज अगदी बारीक. "मला भीती वाटतेय गं."

"वाटणारच," माई म्हणाली.

"मला ठरवता येत नाहीये."

भाऊ खुर्चीत पुढे झाला. "आक्का, दोन-चार दिवस घेऊ ना आपण, आणखी कुणाला तरी विचारू, घाई कशाला?"

"तुला नाही विचारलं," आक्का त्याच्याकडे न बघता म्हणाली. तिची नजर माईवरच होती. असं तिने धाकट्या बहिणीकडे कधी बघितलं नव्हतं. आज ती खालून वर बघत होती. "तू सांग. घेऊ?"

माईच्या मनात बरंच काही आलं. डॉक्टरांचे 'महिने' आले, 'वर्षं' आली, आक्काचे केस आले. आपलं चुकलं तर आयुष्यभर आपल्याला दुसरं कुणी विचारणार नाही, आपणच विचारत राहू, हेही आलं. पण आक्का वाट बघत होती, आणि आक्काला वाट बघायला लावणं माईला जमण्यातलं नव्हतं.

"घ्यायचं," ती म्हणाली. "दोन-चार दिवस नकोत. जेवढ्या लवकर होईल तेवढं लवकर. मी बरोबर असेन, प्रत्येक वेळी. नकोसे दिवस येतील तेव्हा माझ्यावर ओरड. मी उलटून ओरडेन."

"मांडी कापायची वेळ आली तर?"

"तर कापायची. मला मांडीची पर्वा नाही. तू हवी आहेस मला."

वहिनी आता उघडपणे रडत होती. टाचणीने तिच्या खांद्यावर हात ठेवला. भाऊ तोंड वळवून भिंतीवरचा मूत्रपिंडांचा तक्ता अशा एकाग्रतेने वाचायला लागला, जणू उद्या त्यावर परीक्षा होती.

मग आक्काने पाठ ताठ केली, डोळे मनगटाने पुसले आणि ती डॉक्टरकडे वळली. आवाज पुन्हा तिचा होता, तोच, कारखान्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा.

"सुरू करा," ती म्हणाली. "धाकटीने सांगितलंय."